वाणाला चार टायर

आमच्या भावोजींनी आजवर एकाही पाहुण्याचं तोंड आधी पाहिलेलं नाही. पाहुणा गाडीतून उतरतो, नमस्काराला हात जोडतो, आणि समोर माणूसच नसतो. माणूस खाली उकिडवा बसलेला असतो, मागच्या डाव्या चाकापाशी. आधी बोटाच्या पेरानं टायर वाजवणार, मग नक्षीत नख घालणार, मग मान वाकडी करून चाकाची आतली बाजू बघणार. हे सगळं झालं की गुडघे झटकत उठणार आणि पाहुण्याला विचारणार, "या, बसा. कधी बदलताय?"

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, जनार्दन पाटील. भिवंडीच्या कामतघरात एकाच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ते आणि वर आम्ही. मी मेहुणी, शिवाय शाळेत मास्तरीण. म्हणजे त्यांची टिंगल करण्याचा हक्क मला दोन्ही बाजूंनी आहे आणि तो मी कधी वाया घालवत नाही.

पूर्वी त्यांची भातशेती होती. शेताच्या जागी गोदाम उभं राहिलं, भाडं घरबसल्या येऊ लागलं आणि एका धडधाकट माणसाला दिवसभराचं काम उरलं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालं. आमच्या न्हाव्याला भिंतीऐवजी टायर सापडले. गाडी तशी साधीच, त्या काळी दर दुसऱ्या दारापुढे उभी असायची तसली छोटी पांढरी. बाजार, बँक, मंगळवारी वज्रेश्वरीचं देऊळ आणि पावसाळ्यात मला शाळेत सोडणं, एवढीच तिची धाव. आत सीटकव्हर फाटलेलं, काच खाली करायला दोन हात लागायचे, हॉर्न मनात आलं तर वाजायचा. पण टायर? टायर म्हणजे देव्हारा. उन्हाळ्यात चारही चाकांवर ओली गोणपाटं टाकायचे. ताईच्या डोक्यावर कधी ओला रुमाल टाकला नाही या माणसानं.

"वरचा रंग कोन पन बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "खालचं बघा, खालचं!"

हे ओरडून. त्यात राग नाही हं. आमच्याकडे दिवसभर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, त्यामुळे कामतघरात माणूस "चहा घेता का" हेसुद्धा भांडल्यासारखं विचारतो.

एकदा शाळेत तपासणीसाठी साहेब आले. नेमकी त्याच दिवशी मी चष्मा विसरले आणि तो द्यायला भावोजी आले. साहेबांची जीप अंगणात उभी. झालं! वर्गात साहेब मुलांना नद्या विचारताहेत, आणि दारात भावोजी. "साहेब, तुमचा पुढचा डावा आतून घासलाय. गाडी एका बाजूला वढत असंल." साहेब रागावतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. तर साहेब पुस्तक मिटून म्हणतात, "हो हो, ओढते खरी!" पुढची तपासणी जीपखाली झाली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, यांना दरवर्षी बोलवा."

वैशालीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, स्थळं येऊ लागली तेव्हा मात्र कहर झाला. पहिलं स्थळ कल्याणचं. मुलगा शिकलेला, दिसायला छान, सुपारीचंही व्यसन नाही. पोहे झाले, हसणंखिदळणं झालं. पाहुणे गेल्यावर भावोजी म्हणाले, "न्हाय जमायचं. पुढं कंपनीचे भारीवाले टायर, मागं जुन्यावर रबर चढवलेले. या घरात दाखवायचं एक हाय आनि आत दुसरंच."

दुसरं स्थळ ठाण्याचं. त्यांची स्टेपनी बघायची म्हणून यांनी चक्क डिकी उघडायला लावली. आत स्टेपनी नव्हतीच, कांद्याची गोण होती. "उद्या वाटंत अडचन आली तर माझ्या पोरीनं चाकाला कांदा लावायचा काय?" हे त्या लोकांच्या तोंडावर विचारलं. ती मंडळी चहासुद्धा न घेता गेली.

ताई रडकुंडीला आली. मग मी पदर खोचला. मध्यस्थाला गाठून बजावलं, "पुढचं स्थळ येईल ते एसटीनं येऊ दे. दारात विमान असलं तरी घरी ठेवून या म्हणावं."

त्याप्रमाणे अंबाडीचा निलेश आला, आईला घेऊन, एसटीनं. भावोजी फाटकाबाहेर जाऊन गल्लीत दोन्हीकडे बघून आले. "गाडी कुठं लावली?" "गाडी नाही, एसटीनं आलो." भावोजी पार गोंधळले. टायरच नाहीत तर मुलगा पारखायचा कशावरून? शेवटी नाइलाजानं त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड चांगलं होतं. लग्न झालं. डेपोत जाऊन त्यांनी एसटीचे टायर तपासले नाहीत, हे आमचं नशीब.

निलेश गुणी मुलगा. अंबाडी नाक्यावर बी-बियाण्याचं दुकान, गोड बोलणं, वैशालीला फुलासारखी जपणारा. एकच खोड, जिथे तिथे काटकसर. लग्नानंतर त्यानं गाडी घेतली, अगदी भावोजींसारखीच, पण जुनी. आणि तिला टायर घातले ते बाजारातले सर्वांत स्वस्त. कुणी नाव न ऐकलेले. वर आम्हाला समजावून सांगायचा, "मावशी, अंबाडीच्या रस्त्यावर महागडा टायरही खड्ड्यात फाटतो आणि स्वस्तही फाटतो. मग स्वस्तच फाटलेला बरा ना? शेवटी टायर म्हणजे रबरच."

खरं सांगू? मला पटलं होतं. भावोजी मात्र हे वाक्य ऐकून पाणी प्यायला आत निघून गेले.

जावयाला बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जावयाला पाटावर बसवायचं, वाढायचं, निघताना हातावर काही ठेवायचं. शिकवायचं नाही. जगातल्या प्रत्येक गाडीवाल्याला न विचारता शिकवणारा हा माणूस एका गाडीपुढे मुका झाला, आणि त्याच गाडीतून त्याची मुलगी फिरत होती.

त्यात वैशालीला दिवस गेले. डॉक्टरीण भिवंडीची, म्हणून पंधरा दिवसांनी निलेश तिला घेऊन वाडा रोडनं यायचा. पावसाळा लागला. रस्त्यावर खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि मागंपुढं गोदामांकडे जाणारे ट्रक. यायच्या दिवशी भावोजी सकाळपासून फाटकात उभे. गाडी आली की लेकीकडे एकदा बघायचे आणि लगेच चाकापाशी बसायचे. उठताना चेहरा उतरलेला असायचा.

"शैले," एकदा मला म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात, "नक्षी संपत आली गो. पान्यात ब्रेक मारला तर ही गाडी थांबनार न्हाय, नुसती सरकनार. सातवा म्हैना हाय तिला."

"मग सांगा ना निलेशला."

"कसं सांगू? जावई हाय तो."

तेव्हाच त्यांच्या स्वतःच्या गाडीचे टायर बदलायला आले होते. त्यासाठी सलीमभाईच्या दुकानात त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा ताईला आणि मलाही घेऊन गेले. आम्ही साड्या घेताना पुरुष जसे बाकावर जांभया देत बसतात, तसं आम्ही दोघी प्लॅस्टिकच्या स्टुलांवर, आणि भावोजी गाद्यांवर साड्या उलगडाव्यात तसे टायर मांडून मधोमध. एक वास घेऊन बघताहेत, एक दाबून, एक कानाला लावून.

"पाटीलसाहब," सलीमभाई कंटाळून म्हणाला, "ये महंगावाला लो तो गाडी खुश, ये सस्तावाला लो तो घरवाली खुश. तीसरा रास्ता नहीं है."

"घरवाली खुश झाली तर मला आवडेल," ताई स्टुलावरून म्हणाली.

"तुला काय समजतंय? गाडी कवढी पन मोठी असू दे, रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. बाकी सगळी हवेत!" असं म्हणून त्यांनी आपला तळहात ताईच्या नाकासमोर धरला. दुकानातली गिऱ्हाइकं आपापल्या तळहाताकडे बघायला लागली.

शेवटी घेतले ते भारीवालेच. पण बसवले नाहीत. चारही टायर टेम्पोतून घरी आणले आणि माळ्यावर ठेवले. का, तर मुहूर्त बघायचा आहे. मी ताईला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याची साठी यायच्या आधीच नाठी झाली गं बुद्धी."

त्या वर्षी अधिक महिना भर पावसात आला होता. धोंड्याचा महिना, म्हणजे तीन वर्षांनी एकदा जावयाचा दिवाळसण असल्यासारखंच. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ऐपत असेल तर सोबत चांदीचं काहीतरी. निलेशचा हा पहिलाच धोंडा. भावोजी म्हणाले, "वानाचं मी बघतो. तुम्ही अनारसे बघा." आम्ही दोघी अनारशांच्या पिठात हात घालून बसलो. अनारसा तुपात सोडल्यावर दुसरीकडे लक्ष देता येत नाही. तिथेच आमचा घात झाला.

रविवारी दुपारी मंडळी आली. निलेश, वैशाली आणि विहीणबाई. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात ताईची जरीची शाल पांघरलेलं काहीतरी उंच ठेवलेलं होतं. विहीणबाईंना वाटलं, मानाचा चौरंग. त्या "अगंबाई, कशाला एवढं" म्हणत त्यावर टेकल्या आणि टेकल्या तशा जराशा वर उडाल्या. जेवणं छान झाली. वाण द्यायची वेळ आली. भावोजींनी विहीणबाईंना अदबीनं उठवलं, शाल ओढली, आणि आत एकावर एक रचलेले चार टायर! चौघांनाही हळदीकुंकू लावलेलं, वरच्यावर खडूनं स्वस्तिक काढलेलं, आणि मधल्या पोकळीवर अनारशांचं ताट.

कप्पाळ माझं!

"हे काय?" विहीणबाई म्हणाल्या.

"वान," भावोजी म्हणाले. आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी शास्त्र सांगितलं, "धोंड्याच्या म्हैन्यात भोकं असलेली वस्तू द्यायची असते. अनारसा देतात, बत्तासा देतात, ते जाळी असते म्हनून. याला पन भोक हाय. चांगलं मोठं हाय."

मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला. पण निलेशचा चेहरा लाल झालेला दिसला आणि माझं हसू गेलं.

"म्हणजे मामा, माझी गाडी धड नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं न्हाय..."

"तसंच आहे," विहीणबाई म्हणाल्या. आवाज मोठा, पण थंड. "लोक जावयाला चांदी देतात. तुम्ही रबर दिलंत ते दिलंत, वर सगळ्यांसमोर सांगितलंत की आमचा मुलगा गरोदर बायकोला फाटक्या चाकांवर फिरवतो. ठीक आहे. मग तिचं बाळंतपणही आम्हीच करू. अंबाडीला काय डॉक्टर नाहीत?"

नेमकी त्याच क्षणी वीज गेली आणि गल्लीतले सगळे लूम थांबले. विहीणबाई लूमच्या आवाजावर मात करण्याइतक्या मोठ्यानं बोलत होत्या, त्यामुळे शेवटचं वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

वैशाली रडायला लागली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिनं किती दिवस मनाशी धरलं होतं. ताईनं तिच्यासाठी खोली सारवल्यासारखी लख्ख करून ठेवली होती, पाळणा रंगवून घेतला होता. ताईनं नवऱ्याकडे असं बघितलं की मी तिच्या जागी असते तर ताटच फेकलं असतं. एका टायरपायी पोरगी घरी यायची बंद होणार, असा तो प्रकार.

भावोजी उठले आणि पावसात बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, ते निलेशच्या गाडीपाशी बसले होते. एका चाकावरून दुसऱ्या चाकाकडे, नेहमीसारखेच. मी मनात म्हटलं, आता हा माणूस आत येऊन कुठला टायर किती गेलाय ते सांगणार आणि उरलंसुरलं नातंही तोडणार.

आले ते नखशिखान्त भिजून. निलेशसमोर उभे राहिले आणि हात जोडले.

"जावईबापू, माझं चुकलं. तुमचे टायर नीट बघितले आता. चांगले हायत. खरं सांगतो, शेवटी टायर म्हनजे रबरच."

मी ताईकडे बघितलं. ताई माझ्याकडे बघत होती.

"माझी गाडी काय गल्लीतच फिरते," भावोजी पुढे म्हणाले. "हे भारीवाले उगाच घेऊन बसलो. हिनं केवढं सुनावलं मला त्यावरून. तुमच्यासारखे हलके टायर मला पायजे होते, सलीमभाईकडं न्हाय मिळाले. तर वान म्हनून न्हाय, माझं एक काम म्हनून करा. तुमचे मला द्या, हे तुम्ही घेऊन जा. एवढे उपकार करा माझ्यावर."

या माणसानं आयुष्यात टायरबद्दल खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या सख्ख्या भावाशी त्यानं टायरवरून दोन वर्षं अबोला धरला होता.

निलेशचा राग पाण्यासारखा उतरला. भोळं पोर ते. "खरंच मामा? मी तर कधीचा सांगतोय!" आणि मग त्यानं भावोजींना शेजारी बसवून स्वस्त टायर कसे परवडतात, किती चालतात, कसे फिरवून फिरवून वापरायचे, हे सगळं समजावून सांगितलं. भावोजी मान खाली घालून ऐकत होते. मधूनमधून "असं काय?" म्हणत होते. केसांतून पाणी ठिबकत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. ताईनं मुकाट्यानं टॉवेल आणून त्यांच्या डोक्यावर टाकला.

विहीणबाईंनी एक अनारसा उचलला, मोडला, खाल्ला. "जाळी छान पडलीय हो," ताईला म्हणाल्या. आणि जरा थांबून, "नागपंचमीला पाठवते हिला. येऊ दे माहेरी." वैशालीनं त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

जायच्या आधी सगळी वरात सलीमभाईकडे गेली. त्यानं दोन गाड्या आणि आठ टायर बघून डोक्याला हात लावला. "पाटीलसाहब, ये तो उलटा हो रहा है ना?"

"सीधा है," भावोजी म्हणाले. "तुम लगाओ."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत नुसता तमाशा. ज्यांच्या गाड्यांखाली भावोजी आजवर डोकावले होते, ते सगळे आता भावोजींच्या गाडीखाली डोकावायला लागले. "काय पाटील, खालचं बघा म्हणत होता ना? बघितलं आम्ही!" कुणी टायर वाजवून बघे, कुणी नख घालून. भावोजी फडक्यानं बोनेट पुसत राहत आणि म्हणत, "चालतात हो. शेवटी रबरच." वर हसायचेसुद्धा. मला ते हसणं बघवेना.

पाऊस होता म्हणून ते मला शाळेत सोडायला निघाले तेव्हा मी गाडीत बसता बसता त्यांना धरलंच. "भावोजी, आयुष्यभर मिरवलेलं मत त्या पोरापुढे गिळलंत. गल्लीतलं शेंबडं पोरही हसतंय तुम्हाला. कशासाठी? चांदीची वाटी देऊन मोकळे झाला असतात तर?"

त्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"तू मला लई बोलतेस शैले, पन एक सांगू? पोर लहान होती तवा मी तिला कधी जवळ घेतली न्हाय. आपल्यात बापाला ते जमत न्हाय. लग्नात सगळे रडले, मी मांडवाबाहेर गाड्या लावत बसलो. आता वाटतं, जवळ घ्यावी, तर ती त्यांच्या घरची झाली. खाते त्यांचं, झोपते त्यांच्या छताखाली, उद्या पोरगं होईल त्याला नाव पन त्यांचंच. बरोबर हाय ते, माझी तक्रार न्हाय."

एवढी वर्षं या माणसाची मी नुसती चेष्टा करत आले, पण तो इतका एकटा असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"पन गाडी निघाली," भावोजी समोर बघत म्हणाले, "की ती आनि रस्ता यांच्या मधी तेवढं तरी माझं काय तरी असू दे."